मिस्सेला जातो आणि चिडून परत येतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात : खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. वाचक साठीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक, कॅथलिक, घरची भाषा मराठी. लहानपणी गावातल्या फादरांनी पेटी-तबल्यावर मराठी भजनं बसवली, तेव्हापासून ते चर्चच्या क्वायरमध्ये पेटी वाजवत. काही वर्षांपूर्वी नवे फादर आले. तरुणांचा ग्रुप झाला, कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड (तालाचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आला, दोन मोठे बॉक्स आले, भिंतीवर प्रोजेक्टर आला. आता निम्मी गाणी इंग्रजी, उरलेली कोकणी आणि कन्नड, एक-दोन चाली थेट सिनेमातल्या. मराठी भजन महिन्यातून एखादं. लोकांना हात वर करायला आणि टाळ्या वाजवायला सांगतात. कम्युनियननंतरही, म्हणजे पवित्र भाकर घेतल्यावरही, क्षणभर शांतता नाही. यांनी क्वायर सोडली. ‘पेटी कपाटात ठेवली, किल्ली सिस्टरांच्या हातात दिली आणि निघालो. कुणी थांबा म्हणालं नाही,’ असं ते लिहितात. हल्ली ते प्रवचन संपलं की बाहेर चिंचेखाली जाऊन उभे राहतात किंवा सरळ बस धरून बेळगावला कॅम्पातल्या चर्चला जातात. पत्नीला ते पसंत नाही. ‘आपली माती इथंच पडायची आहे,’ असं त्या म्हणतात. त्यातून कीबोर्डवर सख्खी पुतणी बसते, त्यामुळं काही बोललं की भावजय रुसते. त्यांचे प्रश्न असे : चर्च बदलू का? बिशपना लिहू का? की तोंड मिटून सहन करू? आणि मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, राग येणं हे पाप का?

राग आला म्हणून पाप लागत नाही. मी काही कन्फेशन ऐकणारे फादर नव्हे, पण एवढं छातीठोक सांगते. आपसूक उसळून येतो तो राग एक. घरी येऊन जेवताना, दुपारी आडवं झाल्यावर आणि संध्याकाळी मित्राला फोन लावून आपण उगाळतो तो दुसरा. पहिल्याचा जिवाला घोर लावून घेऊ नका. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं.

संगीताबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिलंय आणि त्यातलं बरंचसं मला पटतं. तरी माझं लक्ष अडकलं ते त्या किल्लीच्या वाक्यापाशी. इतकी वर्षं रविवारी ज्यांनी पहिला सूर धरला ते उठून गेले आणि कुणी विचारलं नाही, ही गोष्ट लागणारीच आहे. पण ऑक्टोपॅडची तक्रार वेगळी आणि ही दुखावणूक वेगळी. उद्या फादरांनी ऑक्टोपॅड विकून टाकला तरी ‘कुणी थांबा म्हणालं नाही’ हे तिथंच राहणार. म्हणून फादरांना भेटायला जाल तेव्हा आपण यातलं नेमकं काय बोलायला चाललोय, हे आधी स्वतःशी ठरवा. दोन्ही एकदम मांडलंत तर समोरचा माणूस पहिलं ऐकूनच घेणार नाही. ‘जुने क्वायरवाले, रुसलेत,’ एवढाच अर्थ काढून मोकळा होईल.

आता तुम्हाला जरा बोचेल असं विचारते. ‘आमच्या वेळचं संगीत प्रार्थनेचं होतं’ असं तुम्ही लिहिता. तुमच्या लहानपणी फादरांनी पेटी-तबला चर्चमध्ये आणला तेव्हा पुढच्या बाकावरची म्हातारी माणसं काय म्हणत होती, आठवतं का? तुमचा जन्म साठच्या दशकातला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि आपल्या भागात गोव्याकडून आलेल्या घरांना व्हायोलिन आणि मोतेत (अनेक आवाजांत गायची धर्मगीतं) यांची सवय होती. मग १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमनं परवानगी दिली. आरती, समई, पंचांग प्रणाम, खाली बसून मिस्सा, अंगावर शाल असं त्यात होतं. देशभर तेव्हा नाराजी उठली. हे आपलं नाही, हे देवळातलं आहे, असं म्हणणारे कॅथलिक कमी नव्हते. ज्या पेटीसाठी तुमचा जीव तुटतो ती त्या म्हाताऱ्यांच्या कानाला कशी वाटली असेल!

पेटीची तर गंमतच आहे. ती मुळात पॅरिसची, १८४२ चं तिचं पेटंट. आपल्याकडं ती रुळली ती मिशनऱ्यांमुळं आणि संगीत नाटकांमुळं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. शास्त्रीय संगीतवाल्यांना पेटी इतकी खटकली की १९४० पासून तीसएक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती. चर्चचंही तसंच. पोप पायस दहावे यांनी १९०३ मध्ये चर्चमध्ये पियानो वाजवायला बंदी केली होती, ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्यंही त्याच यादीत. रोमच्या १९६७ च्या संगीतविषयक सूचनेत असं आहे की लोकांच्या मते जी वाद्यं फक्त ऐहिक संगीताची, ती उपासनेत नकोत. हा नियम घेऊन तुम्ही ऑक्टोपॅडच्या अंगावर जाल तर कुणीतरी मिश्किल पोरगं नाटकातल्या पेटीचं नाव काढील आणि तुम्हाला उत्तर सुचणार नाही.

मग काहीही चालतं, असं मी म्हणतेय का? नाही. त्या पोरांची चूक आहेच. पण नवं वाजवतात ही त्यांची चूक नव्हे.

परिषदेच्या त्या दस्तऐवजात एक गोष्ट वारंवार येते : लोकांनी समजून-उमजून मिस्सेत पूर्ण भाग घ्यायचा. ग्रेगरियन गायनाला त्यात मानाचं स्थान आहे, पाइप ऑर्गनची थोरवी आहे, स्थानिक लोकांच्या संगीतालाही योग्य महत्त्व द्या असं आहे. पण कसोटी लोकांची. म्हणून पुढच्या रविवारी चिंचेखाली जाऊ नका. आत मागच्या बाकावर बसा आणि एकच गोष्ट बघा : लोक गातायत का? फादरांशी बोलायचा तुमचा सगळा मुद्दा यातून निघेल.

मला वाटतं, लोक गात नसतील. आणि त्याचं एक कारण तुम्हाला, पेटीवाल्याला, क्षणात कळेल : पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरलंय ते. तरुण मुलं गाणं मोबाइलवरून उचलतात, मूळ गायकाच्या पट्टीत बसवतात, आणि मुख्य गाणाऱ्या पोरीला ती पट्टी झेपते म्हणून तीच ठेवतात. पन्नाशीच्या बायका आणि सकाळी सात वाजता आवाज न फुटलेले शेतकरी त्या पट्टीत गाऊच शकत नाहीत. दोन ओळी प्रयत्न करतात आणि मग प्रोजेक्टरकडं बघत उभे राहतात. फादरांना वाटतं, गाणं नवीन आहे म्हणून. मुलांना वाटतं, लोकांना उत्साह नाही म्हणून. कीबोर्डला पट्टी वर-खाली करायचं बटण असतं. दोन सूर खाली आणायला पैसे लागत नाहीत, सभा लागत नाही. पण हे सांगायला पट्टी कळणारा माणूस लागतो, आणि तो सध्या चिंचेखाली उभा आहे.

दुसरं कारण आवाजाचं. आपली चर्चेस उंच छपराची, गिलाव्याच्या कोऱ्या भिंतींची. बोललेला शब्दही तिथं घुमतो. तिथं गणपतीच्या डॉल्बीचा धाकटा भाऊ आणून बसवला की ऑक्टोपॅडचा प्रत्येक ठोका मागच्या भिंतीवर आदळून परत येतो आणि गाण्याचे शब्द त्यात बुडतात. गाणाऱ्याला स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकू येईना की तो गप्प होतो. बॉक्स लोकांच्या तोंडावर न रोखता उंच, जरा खाली झुकवून लावले, ऑक्टोपॅड मिक्सरवर निम्म्यानं उतरवला आणि गाणाऱ्यांचे माइक पुढं आणले, तर तेच गाणं तुम्हाला निम्मं सोसवेल. ऑक्टोपॅड खऱ्या ड्रमपेक्षा यात बरा. त्याचा आवाज कमी करता येतो.

इथंच तुमच्या कानांविषयी बोलून घेते, वाईट वाटू देऊ नका. वयानुसार ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज मात्र पूर्वीपेक्षा लवकर असह्य होतात. घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो आणि चर्चमध्ये डोकं उठतं, असं दोन्ही होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडं एकदा जाऊन या. ‘माझ्या कानाला त्रास होतोय’ हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सांगितलेलं वाक्य ‘हे संगीत पवित्र नाही’ या वाक्यापेक्षा फादरांना ऐकायला कितीतरी सोपं जाईल. चर्चमध्ये तुमच्यासारखे आणखी दहाजण असतील. आमच्या ओळखीच्या एक मावशी क्वायरच्या पोराला तोंडावर म्हणाल्या होत्या, “आवाज कमी कर की रे बाळा, कान फुटूलालेत.” पोरानं कमी केला. तत्त्वज्ञान कुणाला सांगावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट शांततेची, आणि इथं तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. कम्युनियन संपतं, फादर जाऊन बसतात, लोक गुडघ्यावर येतात. आणि तेवढ्यात कीबोर्डचा तयार ठेका सुरू होतो, कारण रिकामी जागा राहिली की वाजवणाऱ्याला ती आपली चूक वाटते. मिस्सेच्या नियमांत ही शांतता लिहिलेली आहे. वाचनांनंतर, प्रवचनानंतर, कम्युनियननंतर थोडं थांबायचं असतं, ती मिस्सेचाच भाग असते. कम्युनियननंतर स्तुतिगीतही चालतं, पण दरवेळी तेच हवं असं नाही. फादरांकडं मागायचं झालं तर आधी हेच मागा. दोन मिनिटं. घड्याळ लावून दोन मिनिटं. यात कुणाचं गाणं जात नाही, कुणाचा अपमान होत नाही, आणि तुम्हाला जे हवंय त्याचा गाभा मिळतो.

सिनेमाच्या चालींचंही बोला, पण दुसऱ्या भेटीत. एका वेळी एकच गोष्ट. आणि मिस्सा सुटल्यावर दारात गाठून नको; त्या वेळी फादरांभोवती बाप्तिस्म्याच्या तारखांपासून गाडीच्या पूजनापर्यंत सगळे उभे असतात. आठवड्यात फोन करून वेळ घ्या. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या गावच्या चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक शब्दही नको. तिथं लिहिलेलं तक्रारीतून भांडणात जायला दुपार पुरते.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागं ठेवला होता. मराठी भजन महिन्यातून एकदा, याची तुमची खंत रास्त आहे. आपल्या भाषेत मिस्सा आणि गाणी मागणं यात गैर काही नाही; बेळगावच्या धर्मप्रांतात मराठी, कोकणी, कन्नड, इंग्रजी अशा सगळ्या भाषांत मिस्सा होतात. पण कृपा करून ही मागणी ऑक्टोपॅडच्या तक्रारीला बांधू नका. आपल्याकडं भाषेचा विषय निघाला की दुकानाच्या पाटीवरून मोर्चापर्यंत जायला किती वेळ लागतो ते तुम्ही १९५६ नंतरच्या प्रत्येक दशकात ऐकलंय किंवा पाहिलंय. धारवाडकडून आलेल्या फादरांना ‘मराठीवर अन्याय’ हे शब्द ऐकू आले की ते संगीताचं बोलणं बाजूला ठेवतील आणि आधी वादळ शमवायला बघतील. चर्चच्या बाकावर कोकणी आजी, कन्नड शिक्षिका आणि तुम्ही शेजारी बसता. ते बाक सीमाप्रश्नापासून लांब ठेवलेलं बरं. भाषेसाठी आकडा घेऊन जा : मराठी घरं किती, त्यातली किती माणसं मराठीतच प्रार्थना करतात. आणि मागा काय, तर महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारी वाचनं आणि गाणी मराठीत. ‘पूर्वीसारखं सगळं’ मागितलंत तर हाती काहीच येणार नाही.

आणखी एक मागण्यासारखं आहे, आणि मला स्वतःला ते सगळ्यात आवडतं. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, वाद्यांनी फक्त गाण्याला आधार द्यायचा असतो, असा रोमन विधीचा नियमच आहे. चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे सुटतात. म्हणजे त्या सहा आठवड्यांत ऑक्टोपॅड आपोआप बाजूला बसतो, कुणी हरत नाही. तेव्हा फादरांना म्हणा, शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची स्थानकं आठवत करायची प्रार्थना) माझ्याकडं द्या, मराठीत, एका पेटीवर. ख्रिस्तपुराणाच्या ओव्या १६१६ पासून छापील आहेत. फादर स्टीफन्स इंग्लंडचा जेझुइट संघाचा धर्मगुरू, त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत घातली आणि ती गोव्यात चर्चमध्ये वाचली जायची. प्रत्येक स्थानकाला दोन-दोन ओव्या घ्या, भाषा जुनी आहे म्हणून आधी अर्थ सांगा. पहिल्या शुक्रवारी पंधरा माणसं आली तरी चालतील.

आणि त्यासाठी पुतणीला हाताशी घ्या. बाजूला बसवून उपदेश करायला नव्हे, काम सांगायला. ‘ही चाल काळी चारमध्ये आहे, तुझ्या कीबोर्डवर कशी धरशील?’ एवढंच विचारा. आपल्याकडची बरीच तरणी पोरं कामाला गोव्यात, पुण्यात, बंगळुरात असतात. जी गावात राहून रविवारी सकाळी चर्चमध्ये तारा जोडतायत, ती थोडी आहेत. त्यातली एक तुमच्या घरातली आहे. तिनं मोतेत ऐकलेलं नाही, ओवी ऐकलेली नाही, तिला भजनाचा ठेका कुणी दाखवला नाही. दाखवणारा माणूस किल्ली देऊन गेला. हे लिहिताना मला जरा कठोर वाटतंय, पण ते खोटं नाही. भावजयीचा रुसवाही असाच निघेल. तिच्या मुलीला तुम्ही नावं ठेवता हे तिला लागतं, शिकवायला लागलात तर चहा ठेवील.

तोवर रविवार काढायचे कसे? आठवड्यातल्या एखाद्या सकाळच्या मिस्सेला जा. तिथं बहुधा क्वायर नसते, वीस मिनिटं-अर्ध्या तासात शांतपणे होते. ज्यांना गोंगाट सोसत नाही अशा प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगते. रविवारची वाचनं शनिवारी रात्री घरी वाचून जा, म्हणजे गाण्यात शब्द बुडाले तरी तुमच्याजवळ धरायला काहीतरी असेल. बॉक्सच्या रेषेतून उठून बाजूच्या बाकावर बसा. टाळ्या वाजवायच्या नसतील तर वाजवू नका, हात वर करायचे नसतील तर नका करू. मिस्सेच्या विधीत ते कुठंही सक्तीचं नाही. मात्र शेजारची बाई डोळे मिटून हात वर करून रडत असेल तर तिच्याकडं बघून नाक मुरडू नका. केरळातल्या मुरिंगूरच्या रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) जाऊन आलेली, घरात दारूनं गांजलेली अशी माणसं मला ठाऊक आहेत, ज्यांना पेटीवरच्या संथ भजनानं कधी रडू आलं नव्हतं.

बेळगावच्या चर्चला जाणं चुकीचं नाही. रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी जबाबदारी पुरी होते, शनिवारी संध्याकाळचीही चालते. चर्चचा कायदाच तसं सांगतो, त्यामुळं मनात अपराधी भाव नको. पण लग्न, मर्तिक, नव्या नातवाचा बाप्तिस्मा या सगळ्याला तुमचं पॅरिश तेच राहणार, आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या चर्चमध्ये तुम्ही कायम पाहुणे राहणार. पत्नी मातीचं म्हणतात ते यासाठी. त्यांना सांगून, त्यांना सोबत घेऊन महिन्यातून एकदा कॅम्पात जा, त्या दिवशी बाजार करून या. दर रविवारी एकट्यानं बस धरलीत तर गावातले म्हणतील फादरांशी वाकडं आलं, आणि मग खरंच येईल.

यातलं काहीच पटलं नाही, करून बघितलं आणि जमलं नाही, असंही होऊ शकतं. काही फादर ऐकत नाहीत. मग चिंचेखाली उभं राहण्यापेक्षा कॅम्पातलं चर्च बरं, हे मी मोकळ्या मनानं मान्य करते.

बिशपना आत्ता लिहू नका. आधी क्वायर सांभाळणारं पोर, मग फादर, मग पॅरिश कौन्सिल. विश्वासणाऱ्यांनी आपलं म्हणणं आदरानं धर्मगुरूंपुढं मांडावं, हा हक्क चर्चच्या १९८३ च्या कायद्यात दिलेला आहे, कधी कधी ते कर्तव्यही असतं, तेव्हा भीती कसली? पण पायऱ्या गाळून थेट वर गेलं की पत्र खालीच परत येतं, आणि आलेलं फादरांच्या टेबलावर पडतं. सहा-आठ महिन्यांनी लिहायचंच झालं तर एक पान लिहा : कम्युनियननंतरची शांतता, आवाज, प्रायश्चित्तकाळ. प्रत आधी फादरांना द्या. ऑक्टोपॅड आवडतो की नाही हे त्यात लिहू नका, आणि पुतणीचा उल्लेख कुठंच येऊ देऊ नका.